मीच हाय

धर्मापुरीजवळची वाडी, ता. परळी
१६ एप्रिल २०२५

ती. बद्रीनाथदादास,

पाकिटावर तुझं आश्रमातलं नवं नाव लिहिलं आहे, नाहीतर पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. आत मात्र मी दादाच लिहिणार. नमस्कार पोचला असं समज. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून मीही लिहिते. त्यातलं खरं किती ते पुढं वाचून तूच ठरव.

फोन का केला नाही म्हणशील. तुमच्याकडे फोन कचेरीत ठेवतात, आणि आमच्याकडे फोनला घरभर कान असतात. पत्राचं बरं असतं. पाकीट चिकटवलं की ते आपलं.

यंदा कोकरं चांगली जगली. ऊन लई आहे, माळावर हिरवं काही उरलं नाही, तुझे दाजी मेंढरं घेऊन पहाटेच निघतात आणि दुपारी बाभळीखाली बसवतात. धनश्रीची बारावीची परीक्षा झाली. ती निकालाची वाट बघते आणि तोवर माझं डोकं खाते. सासूबाई, म्हणजे दगडाआत्या, आहेत तशाच आहेत. बोलतात कमी, बघतात जास्त.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, 'शिवा, ज्यासाठी मी घर सोडलं, नर्मदेच्या काठी इतकी वर्षं डोळे मिटून बसलो, ते तुला मेंढरांत उभ्या उभ्या मिळालं. तुला तुझं स्वरूप कळलं. अक्षय तृतीयेला मी येतो, तुझे पाय धुतो आणि तुला गादीवर बसवतो.' वाचून मला आधी हसू आलं. माजलगावची कारखान्यातली नोकरी सोडून तू निघालास तेव्हा आईनं तुझे पाय धरले होते. तेव्हा तू थांबला नाहीस, आणि आता माझे पाय धुवायला येतोस. मग हसू गेलं, कारण तुझ्या अक्षरात मला हेवा दिसला. नाही म्हणू नकोस. लहानपणी जत्रेत मला गोडी शेव जास्त मिळाली की तू असाच गोड बोलायचास.

तुला हे सगळं कळवलं ते आमच्या गावच्या माजी सरपंचांनी, आसारामभाऊंनी. त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचंय, आणि उभं राहायला माणसाला काहीतरी टेकू लागतो. यंदाचा टेकू मी. माळावर पत्र्याचा मंडप उभा राहिलाय, त्यात लाकडी चौरंग, त्यावर मखमलीची गादी. फाट्यावर माझा फलक लावलाय. माझा दुसरा फोटो कुणाकडं नव्हता, म्हणून आधार कार्डावरचाच मोठा केला. डोळे तारवटलेले, पदर एकीकडं, आणि डोक्यामागं पिवळं तेज. खाली लिहिलंय, 'प. पू. शिवकन्या माताजी'. धनश्री म्हणाली, 'आई, तुझ्या मागं कुणी ट्यूबलाइट लावली?'

आता त्या दिवसाचं. तू विचारलंस की त्या क्षणाच्या अगोदर नेमकं काय घडलं, मन कुठं होतं. संक्रांत होऊन गेली होती. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुवून काढली होती आणि लोकर कातरायचं काम चाललं होतं. कातरायला पाहुणे मंडळी आली होती. मी एक मेंढी गुडघ्यात दाबून धरली होती. ऊन होतं. मग झालं ते.

अगोदरचं राहू दे. नंतरचं सांगते.

आत एकदम शांत झालं. म्हणजे कसं, आता आतून कुणीतरी रडत येईल, नाहीतर चिडून येईल, म्हणून मी वाट बघत उभी राहिले आणि कुणीच आलं नाही. आत जागाच जागा होती. पण ती ओस नव्हती, ती बघत होती. अर्धी कातरलेली मेंढी माझ्या हातून सुटून समोर उभी राहिली होती, एका अंगानं उघडी, एका अंगानं पांघरलेली. तिच्या पोटाची धाप मला दिसत होती. लोकरीचा ढीग दिसत होता, माणसांची तोंडं दिसत होती. तुझ्या दाजींचं तोंड तर मी पहिल्यांदाच बघितलं असं वाटलं. ते भ्यालेलं होतं. आणि मला वाटलं, या सगळ्यांच्या आतून जे बघतंय ते आणि माझ्यातून जे बघतंय ते काही वेगळं नाही. ते नवीनही वाटलं नाही. ते पहिल्यापासूनच होतं, मीच कामाच्या नादात तिकडं बघितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. राग मानू नकोस, तू वळसा जरा मोठा घातलास एवढंच.

मी बोलेना, हलेना, तेव्हा आत्या धावत आल्या. मूठभर भंडारा माझ्या कपाळाला फासला आणि सगळ्यांना मागं सारलं. 'आली माय, आली. सरा मागं समदे. हात लावू नका.' मग रामकिसन भगताला बोलावलं. अंगात आलेल्या माणसाला आपल्याकडं 'झाड' म्हणतात आणि झाडाला तू कोण ते विचारायची रीत आहे, हे तुला सांगायला नको. रामकिसननं माझ्यावरून लिंबू फिरवलं आणि विचारलं, 'झाडानं बोलावं. कोण हायेस तू?'

दादा, तुमच्याकडं हाच प्रश्न देतात ना? 'मी कोण' म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला विचारत बसायचं. आमच्या वाडीत तो दर अमावस्येला कुणा ना कुणाला विचारला जातो. फरक एवढाच की इथं उत्तरं ठरलेली आहेत. जोगाई म्हण, मरीआई म्हण, नाहीतर कुणाची मेलेली सवत म्हण. ह्याच्या पलीकडचं उत्तर ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

माझ्या तोंडून आलं, 'मीच हाय.'

'मीच म्हंजी कोण? नाव सांग.'

'मीच हाय की.'

तू घरी उशिरा यायचास, दार वाजवायचास, आई आतून 'कोण हाय?' विचारायची आणि तू 'मीच' म्हणायचास. बद्रीनाथ म्हणून कधी नाव सांगितलं होतंस का? घरच्याला नाव सांगावं लागत नाही. माझं ते उत्तर तसलं होतं. त्यात देवी नव्हती, भूत नव्हतं आणि मोठेपणाही नव्हता. तू ज्याला स्वरूप म्हणतोस त्याला माझ्याकडं तेवढाच एक शब्द आहे.

पण रामकिसननं लिंबू खाली ठेवलं आणि हात जोडले. 'भूत आसतं तर नाव सांगून मोकळं झालं आसतं. भुताला नावाची लई हौस. जे नाव सांगंना, ते मोठं हाय.' झालं. दारातल्या माणसानं 'मीच' म्हणावं आणि घरच्यांनी त्याला उचलून देव्हाऱ्यात ठेवावं, तशी माझी गत झाली.

त्यानंतरचे तीन महिने कसे गेले म्हणशील, तर खरं सांगते, गोड गेले. सकाळचा चहा आयता मिळायला लागला. आत्या मला चुलीपाशी बसू देत नाहीत. तुझ्या दाजींनी दारू सोडली. मला 'तुमी' म्हणतात. एकदा चुकून 'ए' म्हणाले आणि लगेच स्वतःचे कान धरले. घरात कुणी ओरडत नाही. लोक येतात, पाया पडतात, दुखणी सांगतात. मी म्हणते, 'दवाखान्यात जा.' ते बाहेर जाऊन सांगतात, 'आईनं दवाखान्याचा कौल दिला.' मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की मला देवी आलेली नाही. सांगितलं नाही. तू पत्रात त्याला विनय म्हटलंस. विनय कसला? मला झोप लागत होती.

परवा दुपारी धनश्रीची वेणी घालत होते. ती म्हणाली, 'आई, तू देवी न्हाईस ना?'

'न्हाई.'

'मला ठाऊकच व्हतं.' मग म्हणाली, 'मंग लग्न झाल्यावर मी बी असंच करू का? पहिली चापट बसली की लगेच अंगात आणायचं का थोडी कळ काढायची?'

ती चेष्टा करत नव्हती. स्वयंपाकातलं काही विचारावं तसं तिनं विचारलं. माझा हात तिच्या केसांत तसाच राहिला.

तेव्हा अगोदरचंही लिहिते. त्या दिवशी कातर निसटली आणि मेंढीच्या अंगाला चीर पडली. कातर तुझ्या दाजींच्या हातात होती, मेंढी माझ्या. त्यांनी उठून सगळ्या पाहुण्यांदेखत माझ्या कानाखाली दिली. ती काही पहिली नव्हती. लग्न झालं त्या वर्षापासून आहे. आईला ठाऊक होतं, तुला कळवायचं नाही असं तिनंच ठरवलं, म्हणायची, 'त्याचं ध्यान मोडंल.' तुझं ध्यान मोडू नये म्हणून आम्ही दोघींनी किती काय काय पडल्याची, धडकल्याची कारणं सांगितली ते आता आठवत नाही.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्या क्षणाच्या अगोदर मन कुठंच नव्हतं, कान वाजत होता. आणि मग ते झालं. पण म्हणून मारानं ज्ञान होतं असं तुझ्या प्रवचनात कुठं सांगू नकोस. तसं असतं तर मी सतरा वर्षांची असतानाच ज्ञानी झाले असते आणि या वाडीतल्या अर्ध्या बायका गादीवर बसल्या असत्या. ते माराच्या नाकावर टिच्चून झालं.

मला माहीत आहे तुमच्याकडची माणसं काय म्हणतील. लागलं ते देहाला, आत्म्याला कुठं लागलं? मग तक्रार कशाची? दादा, यावर मी मेंढरांमागं हिंडताना लई विचार केलाय. मला त्या दिवशी आत काही लागलं नाही हे खरं. पण माझ्या आत जे आहे तेच धनश्रीच्या आत आहे, हेही मला तेव्हाच दिसलं. ते ज्याला दिसलं त्यानं त्याच्यावर हात पडू द्यायचा आणि बघत बसायचं? दुसऱ्याच्या अंगावर पडू देणार नाही, मग माझ्याच अंगावर का? मी काय त्यात मोडत नाही? कळणं म्हणजे सोसायला बळ येणं, असं मला वाटत नाही. न सोसायला बळ येतं, असं वाटतं.

आणि गादीचं म्हणशील तर ती मला दोन बाजूंनी बोचते. एक म्हणजे, जे सगळ्यांचं आहे त्याच्यावर मी एकटीनं कसं बसू? आणि दुसरं, देवीला कुणी मारत नाही, शिवकन्येला मारतात. मी गादीवर बसले तर देवी वाचेल आणि शिवकन्येला जन्मभर तिच्या पदराआड लपावं लागेल. धनश्रीला तर तेवढीच एक वाट दिसेल. मी असली वाट तिला दाखवणार नाही.

म्हणून मी ठरवलंय. अक्षय तृतीयेला सगळ्यांसमोर भगत पुन्हा विचारणार आहे, तेव्हा मी खरं ते सांगणार आहे. पुढं काय होईल ते मला ठाऊक आहे. तुझे दाजी 'तुमी'वरून पुन्हा 'ए'वर येतील आणि तिथं थांबतीलच असं नाही. मला भीती वाटते. तरी सांगणार आहे.

तू स्वामी म्हणून येऊ नकोस. तुझा शब्द इथं चालतो, तू गादी दिलीस तर माझं कुणी ऐकणार नाही. यायचंच असलं तर सदरा-पायजमा घालून माझा भाऊ म्हणून ये आणि माझ्या उजव्या हाताला बस. मला तिथं कुणीतरी आपलं हवंय.

तुझी धाकटी बहीण,
शिवा (माताजी नव्हे)


११ मे २०२५

ती. दादास नमस्कार.

तू आला नाहीस. पत्र उशिरा पोचलं असेल किंवा वेळेवर पोचलं असेल, त्यात मी पडत नाही. मंडपात बसल्यावर मी फाट्याकडं बघत होते, हे मात्र खरं. धनश्री पास झाली. परळीच्या कॉलेजात जाणार म्हणते, आणि जाणार.

त्या दिवशी माणूस बरंच आलं होतं. आसारामभाऊंनी भोंग्यावरून सगळ्यांची नावं घेतली, स्वतःचं जास्त वेळा घेतलं. मी गादीवर बसायच्या आधी रीत पुरी करायची, म्हणून रामकिसननं लिंबू फिरवलं. हलगी थांबली. 'झाडानं बोलावं. कोण हायेस तू?'

मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, 'शिवकन्या बंकट. राहणार हितलीच.'

बायकांत एकदम कुजबूज उठली. आयुष्यात पहिल्यांदा मी उखाणा न घालता नवऱ्याचं नाव घेतलं होतं, ते त्यांना जास्त लागलं. रामकिसन गोंधळला. त्याचाच नियम त्याच्या पायात आला. नाव सांगतंय म्हणजे हे मोठं नाही, मग भूत असलं पाहिजे. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, 'देवी गेली, आता हिला हिचंच भूत लागलंय.' लोक हसले. मलाही हसू आलं दादा, कारण इतका वेळ त्या मंडपात कुणी एवढं बरोबर बोललं नव्हतं.

हसू थांबल्यावर मी सांगितलं. 'संक्रांतीनंतर कातरायच्या दिवशी मला देवी आली नव्हती. मला चापट मारली होती. तुमच्यातले लई जण तिथं हजर व्हते. मी त्या वक्ताला गप उभी राहिले, कारण माझ्या आत मला काहीतरी दिसलं. ते काय, ते मी सांगू शकत न्हाई, पण ते तुमच्या समद्यांत हाय, आणि त्यासाठी माझ्या पाया पडायची गरज न्हाई. मी हितं बसणार न्हाई. आन् आता माझ्यावर कुणी हात उचलला, तर त्यो शिवकन्येवर उचलला म्हणून मी ठाण्यात जाईन.'

आसारामभाऊंनी माईक घेतला आणि म्हणाले, 'ही माताजींची लीला आहे.' मी माईक परत घेतला आणि म्हणाले, 'भाऊ, लीला न्हाई. आधी तो फलक उतरवा, माझे डोळे तिरळे दिसायलेत.' मग लोक खरंच उठायला लागले. काही बायका जाताना माझ्या पाया पडायला वाकल्या, मी त्यांना धरून उभं केलं. एक जण नुसती माझा हात दाबून गेली. नाव लिहीत नाही, तिचं घर आमच्या घराला लागून आहे.

तुझे दाजी मंडपाच्या खांबाला टेकून होते. ते तिथूनच गेले. मेंढरं घेऊन केजच्या बाजूला गेले असं मागून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी बसले. आत्यांनी मला उठवलं नाही. त्या समोर ज्वारी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, 'घालवलीस देवी.'

'नव्हतीच आत्या.'

'मला ठाऊक न्हाई व्हय?' त्यांनी सुपातून मान वर केली नाही. 'त्या दिशी त्यानं दुसऱ्यांदा हात उगारला व्हता. तू बघितलं न्हाईस, तू कुठं बघायलीस कुणास ठाऊक. मी बघितलं. भंडारा हाताशी व्हता, फासला. देवीला कोण मारतंय?'

तीन महिने मी समजत होते की सगळी वाडी फसली आणि त्यात आत्या पहिल्या फसल्या.

मग त्या म्हणाल्या, 'तुझा सासरा व्हता तवर माझ्या अंगात दर अमावस्येला यायचं. लई जोरात यायचं. त्यो गेला, तवापासून एकदा बी आलं न्हाई. एवढी माणसं हायेत वाडीत, कुणी इचारलं न्हाई कावून.'

दादा, मी या बाईजवळ वीस वर्षं राहिले. मला वाटायचं की पोराचा हात दिसत असून या गप्प बसतात. त्यांच्याजवळ एकच उपाय होता, त्यावर त्या स्वतः जगल्या होत्या आणि तोच त्यांनी मला दिला. मीच तो मंडपात भोंग्यावरून मोडून टाकला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना ते आवडलं नाही.

'रडू नगंस. मला एवढं सांग. तू तर सांगून बसलीस देवी न्हाई म्हणून. आता त्यानं हात उगारला तर मी काय फासू?'

मी म्हणाले, 'काही फासू नका आत्या. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहा.'

त्यांनी सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं, आणि त्यांनाही सुचलं नव्हतं.

तुझे दाजी परवा संध्याकाळी आले. पिऊन आले होते. मेंढरं वाड्यात कोंडली आणि अंगणात मला हाक मारली, 'ए.' मी पुढं गेले. म्हणाले, माणसांत माझं नाव घेतलंस, माझी अब्रू काढलीस. मी म्हणाले, 'जे झालं तेच सांगितलं.' त्यांचा हात वर गेला.

तू विचारशील, तेव्हा आत ती शांतता होती का. नव्हती. पाय मागं जायला बघत होते. भीती पुरती होती. पण ती भीती बघणारी मीही तिथं होते आणि मी काही तिच्याएवढी लहान नव्हते. त्या दिवशी जे कळलं त्यातलं एवढंच हाताशी उरलंय, आणि ते पुरलं. मी मागं सरले नाही.

आत्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. सावकाश चालत आल्या आणि माझ्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. हात रिकामे होते. पोराकडं बघत राहिल्या. मग घरातून धनश्री आली आणि आजीला लागून उभी राहिली. तुझ्या दाजींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, मग पोरीकडं. पोरीकडं त्यांना फार वेळ बघवलं नाही. हात खाली आला. ते दगडावर बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. मला त्यांची दया आली, हेही लिहिते. पण दयेपोटी मी तिथून हलले नाही.

ते पुन्हा हात उचलणार नाहीत असं मी लिहू शकत नाही. कदाचित उचलतील. धनश्रीनं ठाण्याचा नंबर देवाच्या फोटोशेजारी भिंतीवर कोळशानं मोठा लिहून ठेवलाय आणि त्यांनी तो वाचलाय. उचलला तर मी जाणार. आत्या म्हणाल्या, 'मी बी येते, जीपगाडीत मला फुडं बसवा.'

दादा, तू तुझं सोडून ये असं मी म्हणत नाही. तू बसतोस त्यात काही असेल, मला त्याची चेष्टा करायची नाही. फक्त एक सांगते. मला वाटायचं ते कळल्यावर माणूस एकटा होतो, म्हणून तुम्ही लोक घर सोडता. माझं उलटं झालं. मी एकटी होते ती त्या दिवसापर्यंत. आता आमच्या अंगणात आम्ही तिघी ओळीनं उभ्या असतो, आणि चौथ्या माणसापुरती जागा माझ्या उजव्या हाताला मोकळी आहे. डोळे उघडे ठेवून उभं राहता येत असेल तर ये.

मी वाट बघत बसणार नाही. जागा मात्र ठेवते.

तुझी,
शिवकन्या